गवतसाहेबांची साक्ष

गवतसाहेब गवत खात असत. हे मी गमतीनं लिहीत नाही. माळावर चालता चालता ते मध्येच थांबत, गुडघे टेकत, एखादी काडी बुडापासून खुडून दातांखाली धरत आणि डोळे मिटून हळूहळू चावत. गोड लागली तर मान डोलवत, तुरट लागली तर थुंकत. आनंद दोन्ही वेळा सारखाच. डोक्यावर खाकी टोप, अंगात रंग उडालेला कोट आणि ओठांच्या कोपऱ्यातून लोंबणारी हिरवी काडी. भूमच्या आसपासच्या वस्त्यांवर त्यांचं खरं नाव कुणी कधी घेतलंच नाही. मीही इथं घेणार नाही. नाव लिहावं इतका राग आता उरलेला नाही, आणि नाव झाकू नये इतका मी कोरडाही झालेलो नाही.

आमचं घर मेंढपाळांचं. वडील लवकर गेले. थोरल्या बिरूदादानं कळप अंगावर घेतला आणि मला शाळेत घातलं. शिकून मी भूमच्याच शाळेत मास्तर झालो. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच होता. एका रविवारी दादासाठी भाकरी घेऊन मी माळावर निघालो, तर आमच्या कुत्र्यांनी कुणाला तरी घेरलं होतं. जवळ जाऊन बघतो तो एक कोटवाला माणूस जमिनीवर हातपाय टेकून बसलेला, आणि तोंडात काडी. कुत्री अंगावर धावत होती, पण त्यानं काडी काही सोडली नव्हती.

"कुत्री आवरा आधी," तो दातांतूनच बोलला. "ही मारवेल आहे. बहोत खानदानी गवत. पळालो तर परत कुठं होतं ते सापडायचं नाही."

दादा मागून धावत आला, कुत्र्यांना हाकललं आणि त्या माणसाकडे बघून मला हळूच म्हणाला, "डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं यांचं?" ते साहेबांनी ऐकलं आणि खो खो हसले. गवत, गुरं आणि पडीक माळ पाहण्यासाठी सरकारनं त्यांना आमच्या भागात नेमलं होतं. त्या दुपारी त्यांनी आमच्यातच बसून भाकरी खाल्ली, मेंढीचं दूध प्यायलं आणि दादाला इतके प्रश्न विचारले की शेवटी दादा म्हणाला, "साहेब, आता मेंढरं तहानली. राहिलेलं उद्या इचारा." साहेब खरंच दुसऱ्या दिवशी हजर झाले.

'खानदान' हा त्यांचा शब्द होता. शिक्षण सगळं हैदराबादेत, उर्दूत झालेलं, घरात मराठी. कुठल्याही झाडाझुडपाविषयी विचारलं की त्यांचं उत्तर तिथूनच सुरू व्हायचं. "मास्तर, पाऊस किती पडला ते नंतर विचारा. या गवताच्या खानदानानं आजवर काय काय सोसलंय ते आधी विचारा." मग ते मारवेलीचा ठोंब बोटांनी बाजूला करून दाखवत. वरचं पातं मेंढीनं खाल्लं तरी वाढीचा कोंब खाली, मातीलगत लपलेला. "हे याला कुणी शिकवलं? तुमच्या मेंढ्यांनी नाही. मेंढ्या तर काल आल्या. त्यांच्या आधी काळविटं होती. त्यांच्याही आधी आणखी कोण कोण चरून गेले, ज्यांची हाडंसुद्धा आता सापडायची नाहीत. खाणारे बदलत गेले, पण खाल्लं जाणं चुकलं नाही. जे गवत खाल्ल्यावर मेलं, त्याचा वंश बुडाला. जे उगवलं, ते हे."

मी वर्गात असं काही कधी शिकलो नव्हतो. डोळ्यांसमोर लहानपणापासून असलेला माळ मला तेव्हा पहिल्यांदा जुना वाटला. तोवर तो नुसता मोकळा होता.

एकदा कचेरीच्या आवारात मोठा गोंधळ झाला. कुणीतरी लांबून आणलेली शोभेची रोपं तिथं हौसेनं लावली होती आणि कुणाची तरी शेळी ती एका सकाळीत खाऊन गेली. शिपाई शेळीच्या मालकिणीला शोधत फिरत होता. साहेब त्या उघड्या आळ्यांपाशी उकिडवे बसले आणि शोकसभेला आल्यासारखे म्हणाले, "बिचाऱ्यांच्या खानदानात शेळीच नव्हती." लोक हसले. पण त्यांनी मला पुढं नेऊन कुंपणाकडेची हरळी दाखवली. तीही त्याच शेळीनं खाल्ली होती आणि तिला पुन्हा कोवळी पाती फुटत होती. "बघा. शेळी तीच, दात तेच. एकीचा मृत्यू, दुसरीचा नाश्ता. कोकणातल्या दाट रानात मेंढ्या सोडा, रान उजाड होईल. इथल्या माळावरून मेंढ्या काढा, माळ उजाड होईल. लोकांना वाटतं, सगळीकडे एकच कायदा. गलत. बिल्कुल गलत."

माळाला ते गाव म्हणत. गवत, मेंढरं, मुंग्या, चंडोल, खोकड, मागं मागं राहणारा लांडगा, सगळे त्या गावचे रहिवासी, आणि त्यांची एकमेकांशी जुनी सोयरीक. दादाला हे बोलणं फार आवडायचं. लांडग्यालाही सोयऱ्यात धरल्याबद्दल मात्र तो कुरकुरायचा. "असला सोयरा बांधावरच बरा," तो म्हणायचा. "म्हणून तर तुमची मेंढरं एका जागी ठिय्या देत नाहीत," साहेब म्हणायचे. "चरायचं, पुढं सरकायचं, माळाला श्वास घेऊ द्यायचा. लांडगाच ते शिकवतो."

ते नुसते बोलत नसत. एक उतार त्यांनी दादाकडून मागून घेतला आणि त्याच्या मधला तुकडा बोरी-बाभळीच्या फांद्यांनी बंद करून टाकला. आत एकही तोंड जाऊ द्यायचं नाही. बाहेर मेंढरांनी नेहमीसारखं चरायचं. दादानं त्यांच्या शब्दाखातर आमच्या माणसांना गोळा केलं, कुंपण घातलं, वाऱ्यानं पाडलं तेव्हा पुन्हा उभं केलं. पहिल्या पावसाळ्यात आतलं गवत असं तरारलं की येणारेजाणारे हसायला लागले. "साहेब, तुमचंच गवत तुमच्यावर उलटलं की!" साहेब काडी चावत म्हणाले, "जरा सबर करा."

पुढच्या पावसाळ्यात आत कुसळी माजली, टोचऱ्या कुसांचं हलकं गवत. मेलेल्या काड्यांचा खच पडला आणि त्याच्याखाली मारवेल पिवळी पडत गेली. चंडोल आत घरटं करीनात. त्यांना आखूड गवत लागतं. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस फार तुटक झाला. एक सर आली आणि गेली. कुंपणाबाहेरचा चरलेला माळ तेवढ्या सरीवर हिरवा झाला, आतला तुकडा जुन्या वाळक्या काड्या घेऊन तसाच उभा राहिला. दादानं कुंपणावरून वाकून बघितलं आणि टोपी काढून साहेबांसमोर धरली. साहेब लाजले. मी त्यांना लाजलेलं तेवढंच एकदा पाहिलं. त्यांच्या कामावर दादाचा विश्वास बसला तो त्या दिवसापासून. पुढं ते जो उतार सोडा म्हणत तो आमची माणसं सोडत, जिकडं वळा म्हणत तिकडं वळत.

मग जिल्हा मुंबई राज्यात गेला. आमच्या शाळेत त्यानं फारसा फरक पडला नाही, पण साहेबांच्या घरात पडला. हैदराबादकडच्या नोकरांना नव्या राज्यात कुठं बसवायचं, कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली, हे ठरायचं होतं. काहींना खालच्या जागेवर उतरवलं अशा बातम्या यायच्या. साहेब संध्याकाळी मला ओसरीवर बोलावून सरकारी मराठी शिकू लागले. 'सदरहू', 'उपरोक्त', 'अनुषंगाने' हे शब्द ते पाठ करायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "मास्तर, या शब्दांना काहीच चव नाही हो." आम्ही हसायचो. त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे बाई म्हणत, चहा आणून द्यायच्या आणि हसत नसत. एकदा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना झोप लागत नाही. कचेरीत कुणीतरी 'निजामी माणूस' म्हणालं. मुलं अजून लहान आहेत, मास्तर."

त्याच सुमारास माळ बंद करायची हवा सुरू झाली. मेंढरांनी माळ ओरबाडला, तेव्हा चराई बंद करावी, तारेचं कुंपण घालावं आणि आत झपाट्यानं वाढणारी परदेशी झाडं लावावीत, असा बेत वर शिजत होता. आमच्या वस्तीवर घबराट उडाली. साहेब स्वतः वस्तीवर आले. सगळ्यांसमोर खाटेवर बसून म्हणाले, "पाहणीला वरचे साहेब येणार आहेत. मला विचारल्याशिवाय काही होणार नाही, आणि मला विचारलं तर मी काय सांगणार हे या माळाला ठाऊक आहे. बेफिकीर राहा." आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांना हळद-कुंकू लावून नारळ दिला.

वरचे साहेब डाक बंगल्यावर उतरले. आमची माणसं समोरच्या लिंबाखाली सकाळपासून बसली होती. लिहितावाचता माणूस म्हणून त्यांच्या वतीनं मला आत घेतलं. वरचे साहेब वयानं लहान होते, देशावरचे, नवेच नेमलेले. मला वाटलं होतं, गुरकावतील. पण त्यांनी मला बसायला सांगितलं, माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि गवतसाहेबांकडे वळून म्हणाले, "मी या भागात नवा आहे. तुम्ही इथं वर्षानुवर्षं माळ तुडवलेत. मेंढ्या राहिल्या तर माळ बिघडेल की टिकेल? तुम्ही सांगाल ते मी वर कळवीन."

असं सरळ विचारणारा वरिष्ठ सरकारी नोकराला आयुष्यात किती वेळा भेटत असेल, मला माहीत नाही.

गवतसाहेबांनी घसा साफ केला. त्या दिवशी त्यांच्या ओठांत काडी नव्हती. ते म्हणाले, "सदरहू माळ चराईमुळं बिघडतो आहे. तो बंद करणं इष्ट."

मला वाटलं, पुढं 'परंतु' येईल. मी वाट बघत राहिलो.

"पण तुम्ही एक तुकडा कुंपण घालून पाहिला होता म्हणे?" वरच्या साहेबांनी विचारलं. "हे मास्तर त्याविषयी सांगत होते."

"तो हौसेचा प्रकार होता, साहेब. लहानसा तुकडा. त्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही."

मी उठून उभा राहिलो. "साहेब, यांनीच आम्हाला दाखवलं की बंद केलेलं गवत कुसळीखाली मरतं. यांनीच सांगितलं की इथल्या गवताची आणि चरणाऱ्यांची—"

वरच्या साहेबांनी हात वर केला, पण सौम्यपणे. "मास्तर, तुमची तळमळ समजते. पण तुमचे स्वतःचे भाऊ मेंढपाळ आहेत. जाणकार हे आहेत." गवतसाहेब टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या मनावर कोरलं गेलं ते मात्र पुढचं. आम्ही बाहेर आलो तेव्हा लिंबाखालची माणसं उठून पुढं आली. दादा सगळ्यांच्या पुढं होता. मी तोंड उघडायच्या आत गवतसाहेब पायऱ्या उतरून दादाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बिरूदादा, मी लाख सांगितलं. वरूनच ठरलेलं होतं. माझं कुणी ऐकलं नाही."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "तुमचा काय दोस, साहेब? तुमी आमच्यापायी वाईट झालासा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो नाही. उभ्यानंच विचारलं, "असं का केलंत?"

त्यांनी डोक्यावरचा टोप खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "त्यांना काय ऐकायचंय ते मला कळत होतं."

"त्यांना खरं ऐकायचं होतं."

"तुम्हाला नोकरीतलं माहीत नाही, मास्तर. निजामीतला माणूस, त्यात मेंढक्यांची बाजू घेणारा. नव्या यादीत माझं नाव कुठं टाकलं असतं त्यांनी?" आणि मग, अगदी हळू आवाजात, जणू मला समजावत, "बिरूदादाला दुसरा माळ मिळेल. मला दुसरी नोकरी मिळायची नाही."

"आणि बाहेर येऊन दादाला जे सांगितलंत ते?"

आतून बाईंनी "चहा टाकू का?" असं विचारलं. मी तसाच निघून आलो.

तारा ठोकल्या गेल्या. दादाला दुसरा माळ मिळाला नाही. आधी त्यानं कळपातली निम्मी मेंढरं बाजारात काढली आणि मग उरलेली घेऊन तो आणि आणखी काही घरं पूर्वेला, उमरगा-मुरुमच्या अंगाला, जिथं लोक निम्मं कानडी बोलतात तिकडं निघून गेली. निघायच्या सकाळी दादानं मला जवळ बोलावलं. मी ठरवून गेलो होतो की आज त्याला सगळं सांगायचं. तो म्हणाला, "साहेबाकडं जात जा. येकटा मानूस आपल्यासाठी भांडला. आता तिथं त्याला कोन इचारतंय?" दादाच्या हातून माळ सुटला होता. त्या माणसावरचा विश्वास तेवढा त्याच्याजवळ उरला होता. तो मी कोणत्या तोंडानं काढून घ्यायचा?

साहेबांना कुणी खाली उतरवलं नाही. वर्षभरात त्यांची बढती झाली आणि ते धाराशिवला, जिल्ह्याच्या कचेरीत गेले. मला निरोप पाठवला होता, मी एस.टी. स्टँडवर गेलो नाही.

माळाचं मग तसंच झालं जसं त्यांनी मला शिकवलं होतं. एका गोष्टीत जरी ते चुकले असते तरी मला बरं वाटलं असतं. पहिल्या वर्षी तारेच्या आत गवत कमरेला लागलं आणि कचेरीतली माणसं पाहुण्यांना ते दाखवायला आणू लागली. मग कुसळी आली. मारवेल आधी उतारावरून गेली, मग सपाटीवरून. लावलेली झाडं बहुतेक जळाली. एक काटेरी जात तेवढी ओढ्याकाठानं पसरत गेली. चंडोल गाईनासे झाले. उन्हाळ्यात वाळक्या काड्यांनी पेट घेतला तेव्हा गाव विझवायला धावलं, कारण चरून मोकळा ठेवलेला पट्टा आता कुठंच नव्हता. मी मुलांना घेऊन तिथं जायचो आणि त्यांना सांगायचो, या गवतानं आजवर काय काय सोसलंय ते आधी विचारा. बोलताना माझ्या लक्षात यायचं की शब्द त्यांचे आहेत. दुसरे शब्द मी पुष्कळ शोधले, पण इतकं नेमकं बोलणारं दुसरं कुणी मला आयुष्यात भेटलंच नव्हतं.

काही वर्षांनी मी मुरुमच्या बाजाराला दादाला भेटायला गेलो. तो वाळला होता. मोजकी मेंढरं उरली होती आणि तो दुसऱ्याच्या रानात खतासाठी ती बसवून पोट भरत होता. बोलता बोलता साहेब आता नोकरीतून निवृत्त होणार असं माझ्या तोंडून निघून गेलं. दादा उठला, आत गेला आणि घडी घातलेली एक नवी घोंगडी घेऊन आला. काळी, दाट, कडेला पांढरा पट्टा. वहिनीनं लोकर कातली होती.

"साहेबाला दे," तो म्हणाला. "म्हातारपनी थंडी वाजती. म्हनावं, बिरू इसरला न्हाय."

मी म्हणालो, "दादा, माझ्याकडून हे होणार नाही."

"का रं? धाराशिव काय लई लांब हाय?"

मी घोंगडी घेतली.

साहेबांचं घर शोधायला वेळ लागला नाही. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. मला बघताच त्यांनी "या, मास्तर" म्हटलं आणि ते दारातून बाजूला झाले. बाई आतून आल्या, माझी चौकशी केली आणि चहा ठेवायला गेल्या. मी घोंगडी त्यांच्यासमोर धरली आणि दादाचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

त्यांनी हात पुढं केला नाही. घोंगडीकडे बघत विचारलं, "त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत? इतक्या वर्षांत?"

"नाही."

मला वाटलं, आता ते म्हणतील की मी येतो मुरुमला, स्वतः सांगतो. निदान म्हणतील की ही घोंगडी मला घेता येणार नाही. मी तेवढ्यासाठीच आलो होतो हे मला त्या क्षणी कळलं. ते एक शब्द जरी बोलले असते तर मी बसलो असतो, चहा घेतला असता आणि कदाचित पुन्हा त्यांच्याबरोबर कुठल्यातरी माळावर गेलोही असतो.

त्यांनी दोन्ही हातांनी घोंगडी घेतली. तिची घडी उलगडून पाहिली, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि छातीशी धरली.

"मग राहू दे," ते म्हणाले. "कशाला आता त्याला सांगायचं?"

आणि घोंगडी ठेवायला ते आत गेले. बाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी उंबऱ्याबाहेर चपला घालत होतो.